गाडीखालचा जॉन

घाटात टायर पंक्चर झालं की डिकीतून आपण जॅक काढतो. हा जॅक मुळात एक पोरगा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जॉनला लाडानं जँकिन म्हणत; ते झिजून जॅक झालं. असे जॅक घरोघरी इतके की कुठल्याही पोऱ्याला, गड्याला जॅकच म्हणू लागले. मग गड्याचं काम करणाऱ्या वस्तूही जॅक झाल्या: पायातला घट्ट बूट ओढून काढणारा, विस्तवापुढे मांसाची सळई फिरवणारा आणि पुढे अख्खी गाडी उचलणारा. पत्त्यांतला जॅकही नोकरच. आपण त्याला सरळ गुलाम म्हणतो, म्हणजे त्याची जुनी ओळख आपणच जास्त नीट सांभाळली. अडलेल्या कामासाठी ‘जॅक लावणारे’ तर त्याला पुन्हा माणसांत आणतात!

ही लाडकी नावं घडतात कशी? ‘र’ उच्चारायला जिभेवर नेमका ताबा लागतो, म्हणून तो मुलांना उशिरा साधतो. आपलंही दोन वर्षांचं पोर ‘घली चल’ म्हणतं. इंग्रजी लाडक्या नावांतही ‘र’चा ‘ल’ होतो: हॅरीचा हॅल, मेरीची मॉली, सेराची सॅली. तशीच डॉरथीची डॉल. 16व्या शतकात डॉल म्हणजे हाडामांसाची मुलगी होती. 1700च्या सुमारास ती खेळण्यातली बाहुली झाली. आपल्याकडची लाकडी ठकी आठवा; ठकी नावाच्या मुलीही असतच की.

दुसरी खोड यमकाची. रॉबर्टचा रॉब, त्यावरून बॉब, डॉब, हॉब. खेड्यातल्या लहानखुऱ्या घोड्यालाही बहुधा याच नावावरून हॉबी म्हणू लागले. त्यावरून मुलांचा काठीचा घोडा ‘हॉबी-हॉर्स’, आणि त्यावर रमणं म्हणजे छंद. अर्जात ‘हॉबी: वाचन’ लिहिताना आपण नकळत कुणा रॉबर्टला हाक मारतो.

खुद्द ‘निकनेम’ हा शब्द तर उच्चाराच्या घाईतून आला. मूळ शब्द ‘ईकनेम’, म्हणजे जोडनाव. ‘अ‍ॅन ईकनेम’ भरभर म्हणताना ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला. ‘माइन एड’चा ‘माय नेड’ झाला तोही असाच.

रॉबर्टचंच आणखी एक लाडकं रूप रॉबिन. इंग्लंडच्या परसात माणसाजवळ निर्धास्त बागडणाऱ्या, तांबूस छातीच्या चिमुकल्या पक्ष्याला लोक आधी नुसतं ‘रेडब्रेस्ट’ म्हणत. 15व्या शतकात त्याला घरातल्यासारखं नाव मिळालं, ‘रॉबिन रेडब्रेस्ट’. पुढे आडनाव गळून नुसता रॉबिन उरला. आपण पोपटाला राघू म्हणतो आणि गावातल्या रघुनाथालाही, तसंच हे.

इंग्रज अमेरिकेत गेले तेव्हा तिथंही त्यांना तांबूस छातीचा पक्षी दिसला. तो कस्तूर कुळातला, वजनानं जवळजवळ चौपट. इंग्लंडचा रॉबिन मात्र माशीमारांच्या कुळातला. पण घरची आठवण आलेल्यांनी इतकं कुठलं पाहायला! त्यालाही रॉबिनच म्हणून मोकळे झाले.