आधी बोलायचं कोणी?

मेनफ्रेम आणि ऑफिसातलं लोकल एरिया नेटवर्क, म्हणजे लॅन, यांची जोडणी हा संगणकाच्या इतिहासात दोन ओळींत आटोपला जाणारा विषय. एका बाजूला अगडबंब यंत्र, दुसऱ्या बाजूला पीसी. दोघांचे वेग जुळेनात म्हणून मध्ये अडॅप्टर आला, आणि वेग जुळल्यावर त्याचं काम संपलं, असा सर्वसाधारण समज आहे. आकडे मात्र वेगळं सांगतात. १९८०च्या दशकात आयबीएम मेनफ्रेमचं तांब्याच्या तारांचं चॅनेल सेकंदाला ३ ते ४.५ मेगाबाइट माहिती वाहून नेऊ शकत होतं. त्या काळच्या इथरनेटचा वेग होता १० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबाइट. टोकन रिंग या आयबीएमच्या लॅनचा १६ मेगाबिटांचा प्रकारसुद्धा २ मेगाबाइटांपुढे जात नव्हता. तेव्हा लॅनचा वेग चॅनेलला झेपत नव्हता, असं म्हणायला जागा नाही. खरा पेच होता तो आधी बोलायचं कोणी, हा. अडॅप्टरनं तो पेच दोन्ही बाजूंना न दुखावता सोडवला, आणि मेनफ्रेम आजवर टिकून आहे त्यात या दुर्लक्षित यंत्राचा वाटा मोठा आहे.

हा पेच १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मेनफ्रेमच्या रचनेतच होता. तिथे मुख्य प्रोसेसर डिस्क किंवा टेपशी स्वतः बोलत नाही. तो ८ बाइटांच्या आज्ञांची एक छोटी यादी तयार करतो, ती चॅनेलच्या हाती देतो आणि आपल्या कामाला लागतो. चॅनेल ती यादी उपकरणाकडून पार पाडून घेतं आणि काम झालं की वर्दी देतं. ‘बस’ आणि ‘टॅग’ अशा दोन जाड केबलींवर हा व्यवहार चालायचा. एकीवरून माहिती, दुसरीवरून नियंत्रणाचे संकेत, आणि लांबीची मर्यादा ४०० फूट. व्यवस्था अत्यंत कार्यक्षम, पण तिच्या मुळाशी एक गृहीत होतं: सुरुवात नेहमी यजमान यंत्र करणार. टेप आपणहून कधी काही सांगायला येत नाही. लॅनवर नेमकं उलट चालतं. तिथे कोणतंही यंत्र कधीही पॅकेट पाठवतं, आणि घेणाऱ्यानं ते मागितलेलं नसतं.

पीसी आले तेव्हा पहिली तडजोड पीसीनंच केली. १९८२ साली डीसीए कंपनीनं ‘इर्मा’ नावाचं कार्ड बाजारात आणलं. ते पीसीत बसवून कोअ‍ॅक्स केबल जोडली की मेनफ्रेमच्या दृष्टीनं तो पीसी राहतच नसे. तो ३२७८ जातीचा टर्मिनल होई, २४ ओळी आणि ८० स्तंभांचा. मेनफ्रेमला काडीचाही बदल करावा लागला नाही. १९७४ पासून रुळलेल्या एसएनए या आयबीएमच्या नेटवर्क-पद्धतीची शिस्तही तशीच कडक होती. येणारा पाहुणा कोण, हे आधीच नोंदवलेलं असावं लागे. पुढे पीसी टोकन रिंगवरून येऊ लागला, तेव्हाही त्याला हेक्स पद्धतीतली आठ अंकी ओळख सांगावी लागायची: पहिले तीन अंक यंत्राच्या जातीचे, उरलेले पाच त्या विशिष्ट यंत्राचे. मेनफ्रेमवरच्या यादीत ती जुळली नाही तर दार बंद.

१९८५ मध्ये आयबीएमचं टोकन रिंग आलं आणि दशक संपता संपता ३१७२ हा इंटरकनेक्ट कंट्रोलर. वरकरणी कपाटवजा पेटी. आत पीएस/२ पीसीच्या जातकुळीचा संगणक, त्यात एका बाजूला चॅनेलचं कार्ड आणि दुसऱ्या बाजूला लॅनची कार्डं. लॅनसाठी मेनफ्रेमवर उपकरणांच्या क्रमांकांची जोडी राखलेली असे: सम क्रमांक वाचायला, विषम क्रमांक लिहायला. सम क्रमांकावर मेनफ्रेम ‘वाच’ ही आज्ञा आगाऊच देऊन ठेवी. पॅकेट आलं की कंट्रोलर ती पूर्ण करी. मेनफ्रेमनं लगेच पुढची आज्ञा तयार ठेवायची. म्हणजे न मागता आलेलं पॅकेटही कागदोपत्री मागवलेलंच ठरे. चॅनेलचा नियम मोडला नाही आणि लॅनलाही ताटकळावं लागलं नाही.

अशा जुळवाजुळवीत बारकाव्यांचा अंत नव्हता. टोकन रिंग प्रत्येक बाइटचे बिट एका टोकाकडून पाठवतं, तर इथरनेट दुसऱ्या टोकाकडून. ३७४५ या दळणवळण कंट्रोलरला टोकन रिंगवर ४०००-३७४५-०००१ असा सहज लक्षात राहणारा पत्ता देण्याची पद्धत होती. तोच पत्ता इथरनेटच्या रीतीनं लिहिला की होतो ०२-००-ईसी-ए२-००-८०. दोन्ही बरोबर, यंत्रही तेच. पण ही उलटापालट ध्यानात न घेणाऱ्याचं कनेक्शन काही जुळायचं नाही.

यावर कोणी म्हणेल की हे सगळं श्रेय सॉफ्टवेअरचं आहे. टीसीपी/आयपी मेनफ्रेमवर आलं आणि टीएन३२७० या टर्मिनल-पद्धतीमुळे मेनफ्रेमचा हिरवा पडदा कुठल्याही नेटवर्कवरून दिसू लागला, म्हणून प्रश्न सुटला. यात तथ्य आहे. पुण्या-मुंबईत बसून परदेशातल्या मेनफ्रेमवर काम करणं सोपं झालं, ते अशाच टर्मिनल-सॉफ्टवेअरमुळे. पण टीएन३२७० चं पॅकेटसुद्धा शेवटी मेनफ्रेमच्या आत कुठून तरी शिरावंच लागतं. शिवाय सुरुवातीचं टीसीपी/आयपी मेनफ्रेमच्या महागड्या प्रोसेसरचा बराच वेळ खात असे, म्हणून त्यातलं काही काम ३१७२ वर ढकलण्याची सोयही काढावी लागली. सॉफ्टवेअरनं भाषा दिली. ती परवडेल अशा खर्चात बोलता यावी, ही जबाबदारी हार्डवेअरची होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अडॅप्टरनं जुन्या व्यवस्थेचं आयुष्य कृत्रिमपणे वाढवलं, एकदाच काय ते मोडून नवं बांधायला हवं होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. त्याची किंमत पडली, हे कबूल करायला हवं. बंदिस्त केबलीच्या भरवशावर असलेला टर्मिनल टीएन३२७० च्या साध्या रूपात नेटवर्कवर आला तेव्हा पासवर्डही उघडा वाहू लागला, आणि वर एन्क्रिप्शनचं कवच चढवावं लागलं. तरीही बँकेचे कोबोल भाषेतले हिशेब रोज रात्री बरोबर जुळत असताना, केवळ तार बदलली म्हणून ते नव्यानं लिहायचे, हा सल्ला व्यवहाराचा नव्हता. अडॅप्टरनं बदल टाळला नाही. तो हप्त्याहप्त्यानं करण्याची मुभा दिली.

याचा पुरावा पुढच्या घडामोडींत मिळतो. १९९०च्या दशकाच्या मध्यात ओएसए, म्हणजे ओपन सिस्टिम्स अडॅप्टर आला आणि बाहेरची पेटी मेनफ्रेमच्या पोटात गेली. १९९९ च्या ओएसए-एक्स्प्रेसनं क्यूडीआयओ ही पद्धत आणली: मुख्य मेमरीतच रांगा मांडायच्या, अडॅप्टरनं थेट त्यातून पॅकेट उचलायचं आणि त्यातच टाकायचं. प्रत्येक पॅकेटमागे आज्ञांची यादी चॅनेलला देण्याची गरज उरली नाही. तीस-पस्तीस वर्षं चॅनेलचीच रीत पाळणाऱ्या मेनफ्रेमनं अखेर आपली रीत बदलली. तीही चालू काम न थांबवता. जुन्याची खूण मात्र पुसली गेली नाही. आजही झेड मालिकेच्या मेनफ्रेमवर लिनक्स चालवताना अशा एका नेटवर्क कार्डासाठी तीन उपकरण-क्रमांक द्यावे लागतात: सम क्रमांकाचा वाचणारा, त्यालगतचा विषम लिहिणारा आणि तिसरा माहितीचा. हेच कार्ड वेगळ्या पद्धतीनं मांडलं की ३१७४ टर्मिनल कंट्रोलरचं सोंग घेतं आणि चालकाचा कन्सोल त्यावरून चालतो. म्हणून जोडणीच्या यंत्राची परीक्षा केवळ वेगावर करू नये. दोन्हीकडच्या गृहीतांना सांभाळत, त्यातल्या एकाला सवडीनं बदलू देणं, ही त्याची खरी कामगिरी; आणि त्या कसोटीवर हा अडॅप्टर पुरेपूर उतरला आहे.