येशू आणि ईसा : साम्य कोठे, भेद कोठे

गेल्या नाताळच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात तास संपता संपता एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने मला सहज विचारले, "सर, तुम्ही लोक जेजूला मानत नाही ना?" मी तोंड उघडण्यापूर्वीच मागच्या बाकावरून आमच्याच समाजातील एक मुलगा उत्तरला, "नाही. आम्ही फक्त अल्लाला मानतो."

हे उत्तर चुकीचे होते. हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना पैगंबर न मानणारा मनुष्य मुसलमान राहू शकत नाही. ती चूक सुधारण्याच्या घाईत मी बोलून गेलो, "अरे, आम्हीही मानतो. शेवटी सगळे एकच आहे!" वर्ग खूश झाला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील फाटकापाशी भेटले. मोठ्या आदबीने म्हणाले, "सर, आपला हेतू चांगला, पण सगळे एकच कसे? आम्ही त्याला देवाचा पुत्र म्हणतो. आपण काय म्हणता?" वीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला मी, त्या वेळी निरुत्तर झालो.

त्या दिवशी दोन चुकीची उत्तरे दिली गेली. "काहीच समान नाही" हे अज्ञानाचे, आणि "सगळे एकच" हे आळसाचे. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या म्हापशात हा विषय पुस्तकी नाही. शुक्रवारी एकीकडे बाजार भरलेला असतो आणि दुसरीकडे जुम्याची बांग होते. १५९४ साली स्थापन झालेल्या सांत जेरोनिमच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानून हिंदू बंधुभगिनीही तेल वाहतात. ही सायबीण म्हणजे मरियमच. आणि कुराणात नावाने उल्लेख झालेली एकमेव स्त्री म्हणजे मरियमच होय.

गोव्याहून निघालेला जुना वाद

या दोन धर्मांच्या तुलनेला गोमंतकात मोठा इतिहास आहे. अकबर बादशहाने फत्तेपूर सिक्रीला धर्मचर्चेसाठी इबादतखाना उभारला होता. १५७९ साली त्याचा वकील गोव्यात आला आणि ख्रिस्ती विद्वान पाठवावेत अशी विनंती त्याने केली. त्याप्रमाणे रुदोल्फो आक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे जेजुइट पाद्री १५८० च्या आरंभी सिक्रीला पोहोचले. त्यांनी बादशहाला बायबलची बहुभाषी प्रत नजर केली. मुल्लामौलवींशी त्यांचे वाद झाले. विषय तेच होते : ईश्वराला पुत्र असू शकतो काय, आणि कोणता ग्रंथ प्रमाण. पुढे दुसऱ्या एका शिष्टमंडळातील जेरोम झेवियर याने लाहोरच्या अब्दुस सत्तार या मुसलमान विद्वानाच्या साहाय्याने येशूचे चरित्र फारसीत लिहिले. ते १६०२ साली पुरे झाले. त्या वादांत कोणी कोणास जिंकले नाही. परंतु ज्याच्याशी वाद घालावयाचा त्याचा ग्रंथ आधी वाचावा लागतो, हे उभयपक्षी कळले.

इतिहासात केवळ चर्चाच झाली असे नव्हे. १५१० साली आल्बुकेर्कने गोवा घेतला तेव्हा येथील मुसलमानांची कत्तल झाली, आणि १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल सुरू झाला. ते विसरून चालणार नाही. मात्र त्याचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागणे हा न्याय नव्हे.

समान काय आहे

दोन्ही धर्म एकाच ईश्वराला मानतात. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोकही ईश्वराला 'अल्ला' म्हणूनच हाक मारतात. आदम, नूह, इब्राहिम, मूसा, दाऊद ही मालिका दोन्हीकडे आहे. देवदूत, शेवटचा न्यायाचा दिवस, मृतांचे पुन्हा उठणे, स्वर्ग व नरक हेही दोघे मानतात. म्हणूनच दोन्ही समाजांत प्रेत मातीत पुरण्याची रीत आहे, आणि कबरीत मूठभर माती टाकून निरोप घेण्याचीही.

ईसांचे नाव कुराणात सुमारे पंचवीस ठिकाणी येते. एकोणिसाव्या सूरेचे नावच 'मरियम' आहे. त्यांचा जन्म कुमारी मातेपोटी पित्यावाचून झाला, त्यांनी ईश्वराच्या आज्ञेने आंधळ्यांना दृष्टी दिली, मृतांना उठविले, ते 'मसीह' होत, आणि कयामतपूर्वी ते पुन्हा येतील, ही मुसलमानांचीही श्रद्धा आहे. मक्केत छळ होऊ लागला तेव्हा पैगंबरसाहेबांनी आपले काही अनुयायी हबशांच्या देशात पाठविले. तेथील ख्रिस्ती राजा नजाशी याच्या दरबारात हजरत जाफर यांनी या सूरेतील आयती वाचल्या. त्या ऐकून राजाचे डोळे भरून आले आणि त्याने निर्वासितांना परत पाठविण्यास नकार दिला, असे चरित्रग्रंथ सांगतात. मुसलमानांना मिळालेला पहिला परदेशी आश्रय हा एका ख्रिस्ती राजाचा होता.

भेद कोठे आहे

पहिला भेद ईसांच्या स्वरूपाविषयी आहे. ख्रिस्ती मतानुसार ईश्वर एकच, परंतु पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे त्याचे त्रैक्य आहे, आणि येशू हा देहधारी झालेला पुत्र होय. हे तीन देव आहेत असे ख्रिस्ती मनुष्य म्हणत नाही. तसा आरोप आपण करू नये. इस्लाममध्ये तौहीद म्हणजे ईश्वराचे निर्भेळ एकत्व हाच पाया आहे. त्याला कोणी जन्म दिला नाही व त्याने कोणाला जन्म दिला नाही. म्हणून ईसा हे थोर पैगंबर, पण मानवच.

दुसरा भेद क्रूसाचा. येशूने मानवाच्या पापांसाठी क्रूसावर प्राण दिला व तिसऱ्या दिवशी तो उठला, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा आहे. कुराणाच्या मते त्यांना क्रूसावर मारण्यात आले नाही. अल्लाने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. यामागे पापाविषयीचा विचारही निराळा आहे. ख्रिस्ती मतानुसार आदमच्या पापाचा डाग सर्व मानवजातीवर आहे, म्हणून तारणारा हवा आणि बाप्तिस्मा हवा. कुराणानुसार आदमने तोबा केली व त्याला क्षमा मिळाली. एकाचे ओझे दुसरा वाहत नाही.

तिसरा भेद ग्रंथाचा. पुष्कळ लोक कुराण व बायबल यांची सरळ जोडी लावतात. ती नीट बसत नाही. मुसलमानाच्या दृष्टीने कुराण हे तेवीस वर्षांत अरबीत उतरलेले साक्षात ईश्वरी वचन. ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीने बायबल हे ईश्वरी प्रेरणेने अनेक माणसांनी लिहिलेले. आणि 'ईश्वराचा शब्द' म्हणजे स्वतः येशू. अर्थात आमच्याकडे जे स्थान कुराणाला, ते त्यांच्याकडे येशूला. ही एक गोष्ट ध्यानात आली तर निम्मे गैरसमज दूर होतील.

चौथा भेद स्पष्ट सांगितला पाहिजे. हजरत मुहंमद (स.) यांना आपण अखेरचे पैगंबर मानतो, ख्रिस्ती बांधव तसे मानत नाहीत. त्यात आपला अपमान नाही. मानले असते तर ते मुसलमानच झाले असते.

आचारांत पाच वेळची नमाज व रविवारची मिस्सा, रमजानचे रोजे व ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, असे अंतर आहे. आमच्या मशिदीत मूर्ती वा चित्र नाही आणि इमाम हा संस्कार देणारा पुरोहित नव्हे. कॅथलिक पंथात सात संस्कार आहेत व त्यांतील बहुतेक पाद्रीच्या हातून होतात. तेथे विवाह हा न तुटणारा संस्कार. आमच्याकडे निकाह हा पवित्र करार. गोव्यात मात्र नागरी नोंदणीसाठी दोघांनाही एकाच कचेरीची पायरी चढावी लागते! दानाच्या बाबतीत जकातीचा चाळिसावा हिस्सा आमच्याकडे ठरलेला आहे. त्यांच्याकडे शेजाऱ्यावरील प्रेमाच्या आज्ञेतून तेच कर्तव्य येते.

मग वागावे कसे

मोठ्यांनी वाट दाखविली आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने एका जाहीरनाम्यात मुसलमानांचा आदराने उल्लेख केला. ते एकाच ईश्वराची उपासना करतात, येशूला ईश्वर न मानता पैगंबर म्हणून मान देतात व मरियमला पूज्य मानतात, असे त्यात नमूद आहे. २००७ साली १३८ मुसलमान विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना खुले पत्र लिहून ईश्वरप्रेम व शेजाऱ्यावरील प्रेम या दोन आज्ञा समान असल्याचे दाखविले. दोन्ही ठिकाणी भेद लपविलेला नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी पुन्हा नववीच्या वर्गात गेलो आणि माझे उत्तर चुकले होते असे मुलांना सांगितले. "आम्ही ईसांना पैगंबर मानतो, त्यांच्या मातेचा आदर करतो, पण त्यांना ईश्वराचा पुत्र मानत नाही. तुमचा हा मित्र मानतो. त्याची श्रद्धा त्याच्याच तोंडून ऐका." तो मुलगा उठला आणि दोन मिनिटे बोलला. मागच्या बाकावरच्या आमच्या मुलाने सर्वांत जास्त प्रश्न विचारले.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या मुलांना आपला दीन पक्का शिकवा, आणि शेजाऱ्याचा धर्म खरा जसा आहे तसा सांगा. अधिक नको, उणा नको. ज्याला स्वतःचे नीट ठाऊक असते, त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेचे भय वाटत नाही.