दहा नंबर की सुताराची झोपडी?

वेरूळ. दुपारचं ऊन. तिकीटखिडकीची रांग सरळ नाही. झाडाची सावली जिकडे, तिकडे ती वळते. काकडीला तिखट-मीठ लावून देणारी बाई फाटकाबाहेर बसली आहे. आत शिरलं की समोर कैलासच. त्याला फलक कशाला? सगळे पाय आपोआप तिकडे वळतात.

पाहण्यासारखं घडतं ते बाहेर पडताना. मी वही घेऊन कडेला उभी आहे. माणसं उन्हात येतात, डोळे बारीक करतात, थबकतात. आता कुठं?

डोंगराकडे तोंड केलं तर १ ते १५ क्रमांकाची लेणी उजव्या हाताला आणि १७ पासून पुढची डाव्या हाताला. कैलासातून बाहेर येणाऱ्याचं तोंड मात्र पश्चिमेला असतं. त्याचा उजवा हात उलटा. "उजवीकडं जा," रखवालदार सांगतो. चौघं निघतात आणि चुकीच्या बाजूला चालू लागतात. त्याच्या लक्षात येतं. शिट्टी. चौघं परत.

एक नऊवारीतल्या आजी त्याला विचारतात, "बाळा, सुताराची झोपडी कुठंय?"

"दहा नंबर, आजी."

"नंबर नको रे. झोपडी."

दोघंही बरोबरच. लेणी ३४. आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे लावलेले. लेण्यांच्या वयाशी त्यांचा संबंध नाही. १ ते १२ बौद्ध, २९ पर्यंत हिंदू, शेवटची ५ जैन. आकडा दप्तराच्या सोयीचा. लोकांच्या तोंडी नावं आहेत: सीतेची न्हाणी, इंद्रसभा. बाणाशेजारी नाव आणि आकडा दोन्ही हवेत, एवढी साधी गोष्ट.

मी दक्षिणेकडे निघते. एका फलकापासून मागे-मागे सरकत जाते. दहाव्या पावलाला अक्षरं एकमेकांत मिसळतात. डोंगराचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर ऊन थेट पत्र्यावर. मराठी ओळ चकाकते, वाचता येत नाही. एक मुलगी तळहाताची सावली धरून वाचते आहे. तिचा भाऊ पाण्याचा नळ शोधतोय. त्याला बाण नको, नळच हवा.

जैन लेणी कैलासापासून बरीच लांब, किलोमीटरहून जास्त. बाण मात्र अंतर सांगत नाही. पायी निघालेलं एक कुटुंब अर्ध्या वाटेत दगडावर बसलं आहे. आजोबांनी चप्पल काढलीय. "अजून किती?" ते मला विचारतात. मी सांगते. ते चप्पल घालतात आणि मागे फिरतात. इंद्रसभा राहिली.

फाटकाशी परत येते. साप्ताहिक सुट्टीची सूचना इथे वाचून काय उपयोग? शहर ३० किलोमीटर मागे राहिलेलं असतं. ती पाटी बसस्थानकावर हवी, गाडीत चढायच्या आधी दिसेल अशी. तोवर इथेच वाचून ठेवा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.