पान त्यांचे, डोळे आपले

आमच्या चारकोपमध्ये १९८० च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने लोकांना भूखंड दिले; रस्ते, पाणी, गटारे यांची सोय केली. घर मात्र ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधले. आखणी सरकारची, पण खिडकी कुठे काढायची हे राहणाऱ्याने ठरवले.

संगणकाच्या पडद्यावरील पानाच्या बाबतीतही वाचकाला असाच अधिकार दिलेला आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १० ऑक्टोबर १९९४ रोजी हाकोन व्हियुम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने जिनिव्हाच्या सर्न संस्थेत असताना वेबसाठी 'स्टाइल शीट'ची योजना मांडली. मजकूर वेगळा ठेवायचा आणि त्याचा पेहराव वेगळा. हा पेहराव पान तयार करणाऱ्याने ठरवावा, तसाच वाचकानेही! दोघांचे पटले नाही तर? १९९६ च्या पहिल्या नियमावलीत पानकर्त्याचे पारडे जड होते. १९९८ च्या दुसऱ्या नियमावलीने ते फिरवले. वाचकाने 'महत्त्वाचा' अशी खूण केलेला नियम पानकर्त्याच्या नियमावर मात करू लागला.

मराठी वाचकाला याचे मोल अधिक. रोमन अक्षरांच्या बेताने आखलेल्या ओळींत आपले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. फिकट करड्या शाईत अनुस्वार दिसेनासा होतो. माझ्या आईचे वय सत्तरीपुढचे. तिच्यासाठी मी चारच नियम लिहिले : अक्षर वीस पिक्सेलचे, ओळींतील अंतर पावणेदोन पट, पार्श्वभूमी फिकट पिवळी आणि शाई काळी. मूळ पानाला धक्का लागत नाही. बदल दिसतो तो फक्त तिच्या पडद्यावर. ''आता वाचून दाखव म्हणून कुणाची विनवणी नको,'' असे ती म्हणाली, तेव्हा या चार नियमांची किंमत मला कळली.

क्रोमने मुळातली ही सोय २०१४ मध्ये काढून टाकली. फायरफॉक्समध्ये ती आहे, पण मुद्दाम चालू करावी लागते. 'स्टायलस' नावाचे एक्स्टेन्शन बसवले की दोन्हीकडे काम भागते. एखाद्या पानावर रंगांचा घोळ होऊन बटणेच दिसेनाशी झाली, तर नियम एका खुणेने बंद करता येतो.

घरातील वडीलधारी मंडळी 'डोळे गेले' म्हणून वाचन सोडतात. पुष्कळदा डोळे शाबूत असतात, अक्षरच बारीक असते. घरातल्या मुलांनी एखाद्या रविवारी अर्धा तास त्यांच्या शेजारी बसावे. कोणते अक्षर, केवढे, कोणत्या रंगात, हे मात्र त्यांनाच ठरवू द्यावे.