आउटपुट व्होल्टेज कमी का येतं?
विज्ञान प्रकल्पात मुलं सिग्नल जनरेटर बोर्डाला अ‍ॅम्प्लिफायर जोडतात आणि म्हणतात, "आउटपुट कमीच येतंय!" लगेच आयसी बदलू नका. एडी९८३३ ही चिप मुळात साधारण ०.६ व्होल्टच देते, तेही लाटेच्या तळापासून शिखरापर्यंत. मल्टिमीटर एसीवर आरएमएस दाखवतो, म्हणून ०.२१ दिसलं तरी बोर्ड ठीकच आहे. (फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा, साधे मीटर त्याच्या फार वर चुकतात.) आता दहापट वाढवायचं तर ६ व्होल्ट हवेत, आणि सप्लाय आहे ५ चा! त्यात एलएम३५८ सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतो, म्हणजे ३.५ च्या आसपास लाटेचा माथा सपाट कापला जातो. पाचपटच वाढवा, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायरला ९ व्होल्टची बॅटरी द्या. दोन्हींचे ग्राउंड जोडा. ती बॅटरी बोर्डाला मात्र लावू देऊ नका, चिपची मर्यादा ५.५ व्होल्टच आहे.