चित्र घडताना : भाग ९
दगड हलवणारा सूर

मागच्या आठवड्यात समोर दिसतं ते नेमकं कागदावर कसं उतरवायचं, ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा. जे कुणी पाहिलेलंच नाही, ते चित्रकार कुठून आणतो?

त्यासाठी दरेकसाला जाऊ. गोंदिया–डोंगरगड लोहमार्गावरचं हे जंगलातलं लहानसं स्टेशन. जवळच डोंगर पोखरून काढलेला रेल्वेचा बोगदा आहे आणि कचारगडची गुहाही. कचारगड हे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथे यात्रा भरते. कथा अशी सांगतात : देवी काली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली आणि दारावर प्रचंड दगड बसला. हिरासुका पाटाळीर या वादकाने वाद्य वाजवून मुलांच्या अंगात बळ आणलं. दगड सरकला, मुलं सुटली. पण त्याच दगडाखाली हिरासुका गेला.

ही कथा रंगवायला घेतली की हात अडतो. गुहा काढता येते, मुलं काढता येतात. सूर कसा काढायचा? माझ्या वहीतल्या पहिल्या तीन रेखाटनांत नुसता वाद्य वाजवणारा माणूस होता. चित्रात आवाज नव्हताच.

वाट सापडली ती गुहेच्या चढणीवर. एका खडकाच्या भेगेत झाडाचं मूळ शिरलं होतं. बोटाएवढंच, पण त्याने खडक दुभंगला होता. मऊ वस्तू कठीण वस्तूला हलवते, हे डोळ्यांसमोर होतं. सूरही तेच करतो! चौथ्या रेखाटनात वाद्याच्या तारांतून मुळं निघाली आणि दगडाखाली शिरली. प्रेरणा म्हणतात ती हीच. मनात घोळणारा प्रश्न आणि वाटेत दिसलेली वस्तू, यांची गाठ पडते. प्रश्न मनात नसता, तर ते मूळ ओलांडून मी पुढे गेलो असतो.

त्यानंतरचं काम निवडीचं. क्षण कोणता घ्यायचा? दगड पडल्यानंतरचा घेतला तर नुसता शोक उरतो. सरकू लागतानाचा घेतला तर सुटका आणि मरण दोन्ही एका चौकटीत येतात. दगड कागदाचा अर्धा भाग व्यापतो, वादक वितभर. म्हणजे ओझं डोळ्यांनाच जाणवतं. रंग शेवटी : दगडाला गेरू, अंधाराला काजळी आणि मुळांना, फक्त मुळांनाच, पिवळा.

सुराची रेघ होते, हे गोंड चित्रकलेला नवं नाही. पाटनगडचे चित्रकार जनगडसिंह श्याम हे परधान. बाना हे वाद्य वाजवून गोंडांच्या कथा गाणारा हा समाज. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी जनगडसिंहांना भोपाळच्या भारत भवनात आणलं आणि भिंतीवरची चित्रं कागदावर आली. या परंपरेत आकाराच्या आतली बारीक भरणी, म्हणजे ठिपके, चंद्रकोरी, लहान रेघा, हीच चित्रकाराची ओळख. भरणी पाहून जाणकार नाव सांगतात.

जनगडसिंहांचे पुतणे भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले. त्या अनुभवावरचं त्यांचं ‘द लंडन जंगल बुक’ २००४ मध्ये आलं. त्यात विमान उडतं ते पंख फुटलेल्या हत्तीसारखं, कारण एवढं जड धूड उडणं त्यांना तितकंच अशक्य वाटलं. जमिनीखालची रेल्वे झाली गांडूळ. शहर परकं होतं, प्राणी मात्र गावाकडचे. कल्पना म्हणजे आपल्याजवळच्या साठ्यातून नव्या गोष्टीला रूप देणं. साठा जितका आपला, तितकं चित्र आपलं.

या आठवड्याचा सराव : दरेकसाचा बोगदा किंवा तुमच्या गावातला एखादा पूल घ्या. त्यात शिरणारी गाडी तुमच्या आजीच्या गोष्टीतल्या कोणत्या प्राण्यासारखी दिसते? तीन रेखाटनं फसू द्या. चौथं जपून ठेवा.

पुढच्या आठवड्यात : भरणी, म्हणजे एका ठिपक्यापासून पोत कसा उभा राहतो.