सात तासांची रात्र आणि चार तासांचा पास

मिनिटाला पंधरा श्वास धरले आणि झोप सात तासांची, तर माणूस एका रात्रीत ६,३०० श्वास घेतो. ज्याला स्लीप अ‍ॅप्निया आहे, त्याचा श्वास यात जागोजागी अडकतो. मोजणीचा नियम कडक आहे. श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा तेवढा वेळ फारच उथळ झाला, तरच त्याची नोंद होते. नऊ सेकंदांचा अडथळा धरत नाहीत. तासाला पाचपेक्षा कमी नोंदी सर्वसाधारण समजतात, पंधरापासून आजार मध्यम आणि तिसापासून तीव्र. तासाला साठ नोंदी असलेले रुग्णही काही दुर्मिळ नाहीत. साठ म्हणजे रात्रीत ४२०. प्रत्येक वेळचा खोळंबा वीस सेकंदांचा धरला, तर सात तासांच्या झोपेतले दोन तास वीस मिनिटं छातीत पुरेशी हवा जात नाही. वर्षाचा हिशेब १,५३,३०० वर जातो. यातलं त्या माणसाला सकाळी काहीही आठवत नसतं. डोकं जड असतं, तोंड कोरडं पडलेलं असतं, दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटतात, आणि तो म्हणतो, ‘वय झालं आता.’

२०१९ साली ‘द लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये आलेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयोगटातल्या ९३ कोटी ६० लाख लोकांना हा आजार आहे. भारतापुरता अंदाज दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला. कामाच्या वयातले सुमारे १० कोटी ४० लाख, त्यातले ४ कोटी ७० लाख मध्यम किंवा तीव्र. यातल्या बहुतेकांच्या घरी त्याला फक्त ‘घोरणं’ म्हणतात आणि त्यावर हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही.

१९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणं. त्या वर्षी सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला. त्याला ते छिद्र नको होतं, प्रयोग मात्र चालणार होता. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली आणि हवा ओढण्याऐवजी ती नाकात सोडली. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. त्यात रुग्ण होते अवघे पाच, आणि वापरलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका. आज जगभर कोट्यवधी उशांजवळ ठेवलेल्या सीपॅप मशीनची सुरुवात ही.

हा दाब किती, हे पाहण्यासारखं आहे. आपल्यावर एरवी असलेला हवेचा दाब सुमारे १,०३३ सेंटिमीटर पाण्याइतका. मशीन त्यात दहाची भर घालतं, म्हणजे एक टक्काही नाही. पंचवीस मजली टॉवरच्या गच्चीवरून लिफ्टने तळमजल्याला आलं, तर हवेच्या दाबात साधारण एवढाच फरक पडतो. घशामागचा मऊ भाग झोपेत सैल होऊन चिकटू नये, यासाठी तेवढा पुरतो. दाब मामुली असला तरी हवा मामुली नसते. सोडलेला श्वास बाहेर जावा म्हणून मास्कला बारीक छिद्रं असतात. त्यातून मिनिटाला तीस लिटरच्या आसपास हवा सतत निसटते आणि मशीन ती भरून काढत राहतं. सात तासांत १२,६०० लिटर, म्हणजे सोसायटीत येणारा पाण्याचा एक टँकर भरेल इतकी हवा.

अशी हवा सतत नाकावर येताना पहिल्या रात्री माणूस घाबरणारच. नाक सुकतं, गालावर पट्ट्याचे वळ उठतात, पोटात हवा जाऊन पहाटे ढेकर येतात. तोंड उघडलं की नाकातली हवा तोंडावाटे फुर्र करून निघते आणि शेजारची जागी होते. म्हणून दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास नुसता मास्क लावून बसायला सांगतात. दाब चारपासून सुरू करून हळूहळू चढवायची सोय मशीनमध्ये असते. पट्टा आवळून ओढण्यापेक्षा उशीवर आडवं होऊन, मशीन चालू ठेवून तो बसवावा, कारण बसल्यावरचा चेहरा आणि झोपल्यावरचा चेहरा वेगळा असतो. मास्कचा आकार बसत नसेल तर बदलून मागायला संकोच करू नये. किती तरी मशीनं फक्त चुकीच्या मास्कमुळे कपाटात जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

काही मशीनं हवेचा प्रवाह सेकंदाला पंचवीस वेळा मोजतात. एका रात्रीत ६,३०,००० नोंदी, वर्षात जवळपास २३ कोटी. संगणकावर ही रेघ मोठी करून पाहिली की एकेक श्वास दिसतो. चार सेकंदांच्या एका श्वासाला शंभर ठिपके. लाट वर जाते, खाली येते, पुन्हा वर. मग कुठेतरी माथा चपटा होतो, लाट आखूड होते, रेघ सरळ पडते. अकरा सेकंद, चौदा, एकोणीस. आणि एकदम उंच सुळका. तिथे मेंदूने हिसका देऊन माणसाला अर्धवट जागं केलेलं असतं. उपचार नीट बसला की पानंच्या पानं नुसत्या सारख्या लाटा. मला ते पान सुंदर वाटतं.

एवढ्या आकड्यांतून सकाळी पडद्यावर उरतो एकच, तासाला किती अडथळे. समजा तो ३ आहे. ‘अहो, आज तीनच आला!’ म्हणून घरात आनंद होतो. पण मशीन फक्त मास्क तोंडावर असतानाचंच मोजतं. पहाटे तीनला मास्क काढून ठेवला असेल, तर? चार तासांचे तीनप्रमाणे १२ अडथळे, उरलेल्या तीन तासांचे जुन्या साठच्या दराने १८०. एकूण १९२, भागिले सात, म्हणजे तासाला २७. पडदा ३ म्हणतो आणि रात्र २७ ची असते. शिवाय स्वप्नांची झोप मुख्यतः उत्तररात्रीत असते आणि पुष्कळांचा श्वास तेव्हाच सर्वाधिक अडकतो, त्यामुळे २७ हा आकडाही सौम्यच समजायचा. म्हणून मी आधी तास बघायला सांगेन, अडथळे नंतर.

अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्यात मशीन नियमित वापरलं असं मानण्यासाठी तीसपैकी एकवीस रात्री किमान चार तास पुरतात. ते होतात ८४ तास. रोज सात प्रमाणे तीस रात्रींची झोप २१० तासांची. म्हणजे चाळीस टक्क्यांना पास! विम्याला हिशेबासाठी कुठेतरी रेघ मारावी लागते, हे समजू शकतं. शरीर मात्र तिथे थांबत नाही. संशोधक टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की स्वतःला जाणवणारी दिवसाची पेंग चार तासांच्या वापरापर्यंत कमी होत जाते, यंत्राने मोजलेली पेंग सहा तासांपर्यंत, आणि रोजची कामं करण्याची क्षमता साडेसात तासांपर्यंत वाढत जाते. जाणवणारी सुधारणा सगळ्यात आधी येऊन थांबते, हे त्यातलं खरं धोक्याचं. ‘बरं वाटतंय की’ म्हणून माणूस मास्क लवकर काढायला लागतो.

आणखी एक आकडा पुष्कळांना कळत नाही, तो ‘९५ टक्के’चा. दाब ९५ टक्के वेळ ११ किंवा त्याखाली होता, असं मशीन सांगतं. उरलेले पाच टक्के म्हणजे सात तासांतली २१ मिनिटं. त्या मिनिटांत दाब आणखी वर का गेला? उताणं झोपल्यामुळे, की पहाटेच्या स्वप्नांत, की मास्क सरकला म्हणून? एका आकड्यावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी डॉक्टरांना रात्रीची पूर्ण रेघ लागते. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा मशीनच्या कडेचं ते मेमरी कार्ड काढून सोबत न्या, आणि ती २१ मिनिटं उघडून दाखवायला सांगा.